दूरस्थ प्रयोगशाळेपासून दूर राहावे

"साहेब, या मोबाईलवरून आमच्या प्रयोगशाळेचं कुलूप पण उघडतं का?"

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. विचारला, तर सुकन्या माझी केमिस्ट्रीची अख्खी जर्नल लिहून देणार. नाही विचारला, तर मी तिची. नांदेडचे साहेब आमच्या इस्लापूरच्या शाळेत 'दूरस्थ प्रयोगशाळा योजने'च्या मोबाईलवरच्या टप्प्याचं उद्घाटन करायला आले होते. माझा प्रश्न त्यांनी गंभीरपणे वहीत लिहून घेतला आणि म्हणाले, "सूचना चांगली आहे. वरिष्ठांना कळवू."

कुलपाबद्दल आधी सांगते. आमच्या शाळेत प्रयोगशाळा आहे आणि ती परिपूर्ण आहे. ब्युरेट आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत, काचेच्या पेटीतला तराजू आहे. विद्यार्थ्यांनी हात लावला की वस्तू फुटतात, असं कुठल्याशा तपासणीत आढळलं होतं, म्हणून ती बंद ठेवतात. चावी परिचर माणिकप्पा मामांकडे. मामा मूळचे उदगीरचे, अंगठ्याला कायम तंबाखूचा चुना. दर सोमवारी आत जाऊन ते सगळं पुसून ठेवतात. आम्ही पाचवीपासून अकरावीपर्यंत विज्ञान शिकलो ते खिडकीच्या तडकलेल्या काचेला डोळा लावून. आतल्या भिंतीवरचा मूलद्रव्यांचा तक्ता उलटा टांगलाय, हे मला पाठ आहे.

मला फार काही नको होतं. ब्युरेटची तोटी स्वतःच्या हातानं सोडायची, थेंब थेंब, आणि खालच्या पात्रातलं पाणी कोणत्या थेंबाला गुलाबी होतं ते बघायचं. एकदाच. बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या आधी.

योजना अशी होती, की यंत्रं खरीच, पण दुसरीकडे. त्यांना मोटार आणि कॅमेरा लावलेला. विद्यार्थ्यानं आपल्या जागेवरून नुसतं बोट फिरवायचं. पहिल्या टप्प्यात हे फक्त संगणकावर चालायचं, आणि संगणक कक्षालाही, वरच्याच कारणानं, कुलूप होतं. विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून दुसऱ्या टप्प्यात योजना मोबाईलवर आणली. आता शाळेत मोबाईलला बंदी. पण केमिस्ट्रीच्या शिवप्रसाद सरांनी त्यातून मार्ग काढला. मोबाईल शाळेत आणायला बंदी कायम राहील आणि प्रयोगाला मोबाईल आणणं सक्तीचं राहील. राहता राहिली रेंज. ती शाळेत नव्हतीच, मागच्या टेकडीवर होती. म्हणून बारावीत खिडकी सोडून केमिस्ट्रीचा तास टेकडीवर भरू लागला. बेचाळीस पोरं, एक पळस, आणि वाट्याला यंत्राची महिन्यातून नऊ मिनिटं.

मोबाईलसाठी खास बनवलेलं पान म्हणजे संगणकाचंच पान, फक्त बारीक केलेलं. तोटीचं बटण मोहरीएवढं. आमच्या वर्गात पहिला येणारा आदर्श, त्यानं अंगठा टेकवला तर तोटी, बर्नर आणि पंखा एकदमच सुरू झाले. त्यात चित्र पोचायला चाळीस सेकंद. म्हणजे आपल्याला पाणी फिकट गुलाबी दिसतं, तोवर तिकडं त्याचं बीट झालेलं असतं. तरी पडद्यावर आलं, 'अभिनंदन, प्रयोग यशस्वी.' सर म्हणाले, उतरवून घ्या.

माझी पाळी तिसऱ्या महिन्यात आली. मी करंगळीच्या टोकानं बटण दाबलं. श्वास धरून बसले. चाळीस सेकंदांनी एक थेंब पडला. तेवढ्यात चित्रात एक हात आला आणि त्यानं पात्र जरा सरळ केलं. हाताच्या अंगठ्याला चुना होता. मागच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता होता. उलटा.

आमच्यातली धम्मप्रिया टेकडी उतरून शाळेकडं पळत सुटली. आम्ही मोबाईलकडं बघत राहिलो. जरा वेळानं पडद्याच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या खिडकीच्या तडकलेल्या काचेत एक डोळा आला आणि आमच्याकडं बघून मिचकला.

"ही तर आपलीच हाय की गं, लुंबिनी," सुकन्या म्हणाली.

माणिकप्पा मामांना विचारलं, तर त्यांनी काही लपवलं नाही. "हाव. सगळ्यात कोरी लॅब हीच निघाली म्हणे. कोनी हातच लावला न्हाई ना. मंग उन्हाळ्यात कॅमेरे इथंच बसवले."

"मग आम्हाला सांगितलं काहून नाही, मामा?"

"मला कोन विचारलं, पोरी?"

आत इंटरनेटची तारही आली होती, पण ते कनेक्शन यंत्रांच्या नावावर होतं, विद्यार्थ्यांच्या नाही. मी सरांना म्हटलं, आता तरी दार उघडा. सरांनी समजावलं, की प्रयोग जवळून केला तर तो योजनेत बसत नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: 'विद्यार्थ्यांनी दूरस्थ प्रयोगशाळेपासून दूर राहावे, अन्यथा ती दूरस्थ राहणार नाही.'

फेब्रुवारीत प्रॅक्टिकल झालं. बाहेरचे परीक्षक आले, चहा घेतला, जर्नली चाळल्या. बेचाळीसच्या बेचाळीस जणांना तीसपैकी तीस. माझ्या जर्नलचं विशेष कौतुक झालं. ती सुकन्यानं लिहिली होती.

घरी पेढे आले. पप्पा भूमी अभिलेखमध्ये आहेत, बी.एस्सी. केमिस्ट्री. दुखरा गुडघा चोळत ते सांगू लागले, की लातूरच्या क्लासला नाव घातलंय, पेपर संपले की निघायचं, डॉक्टर होऊनच परत यायचं.

मी विचारलं, "पप्पा, तुम्हाला प्रॅक्टिकलला किती होते?"

"तीस."

"ब्युरेट धरली होती हातात?"

पप्पांनी चष्मा काढून पुसला. "आकृती लई छान काढायचो मी तिची."

आईला हसू आलं. तिला विचारलं, तर तीही तिसातलीच निघाली. (तुम्हालाही आपले मार्क आठवले असतील. राहू द्या, विचारत नाही.)

"मी लातूरला जाणार नाही," मी सांगितलं.

पप्पांचा पेढा हातातच राहिला. "मग डॉक्टर कोण होणार?"

"आदर्श होईल. त्याला पण तीस आहेत. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोच करील."

पप्पांनी गुडघ्यावर हात ठेवला. आईनं विचारलं, "आणि तू?"

"माणिकप्पा मामा पुढच्या वर्षी रिटायर होऊन राहिलेत. मी त्यांच्या जागेवर अर्ज करणार आहे. अख्ख्या शाळेत ब्युरेटला हात लावायची परवानगी तेवढ्या एकाच पोस्टला आहे."