म्हाळसाराणींच्या मसाल्याच्या मुठीची हकीकत

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. जिनें राव आणि रंक सारखेच पोसले त्या चुलीस नमन करून वर्तमान लिहितों. शके सोळाशें सतरा, युवा नाम संवत्सरे, फाल्गुन मासीं उन्हें कडक पडलीं आणि निळकंठराजे यांच्या मुदपाकखान्यांत सालाबादप्रमाणें काळा मसाला कुटावयाचा समारंभ जाहला. तें चाकरांवर टाकावयाचें काम नव्हे. राणी म्हाळसाबाईसाहेब स्वहस्तें धणे, खोबरें, तीळ, दगडफूल, नागकेशर निरनिराळें तेलावर परतीत आणि उखळांत घालीत, आणि मग गेल्या सालच्या बरणींतील एक मूठ काढून नव्यांत मिसळीत. ती मूठ त्यांस सासूनें दिली, सासूस तिच्या सासूनें, ऐसी चाल. जुन्याची मूठ पडल्याविना कांडप पुरें म्हणत नसत. राजे मोठे रागीट, परंतु आमटीचा वाफारा आला कीं लोण्यासारखे मऊ होत. म्हणत, राणीसाहेबांच्या पदरास हाच वास.

मग श्रावणांत राणीसाहेबांस ज्वर आला आणि दैवापुढें इलाज चालला नाहीं, त्या कैलासवासी जाहल्या. मागें एक बरणी राहिली. राजांनीं तिचें तोंड उघडून वास घेतला आणि लहान मुलाप्रमाणें रडले, आणि मग फडकें बांधून, वर लाखेची मोहर करून ती जामदारखान्यांत हिऱ्यामोत्यांच्या शेजारीं ठेविली. पुढला फाल्गुन आला तेव्हां भागू आचारीण, जिनें राणीसाहेबांबरोबर जन्मभर मुसळ धरिलें होतें, ती मूठ मागावयास आली. राजांनीं दिली नाहीं, आणि मुठीविना भागू उखळास हात लावीना, म्हणून कांडपच बंद पडलें. मग कन्या गोदूबाई यांचें लग्न होऊन त्या सासरीं निघाल्या, तेव्हां त्यांनीं दागिने बाजूस सारले आणि आईच्या मसाल्याची एक मूठ मागितली, कीं सासरच्या उखळांत घालीन. राजे बोलिले, "मुठीमुठीनें तुझी आई संपेल, बाळ." गोदूबाई तशाच पालखींत बसल्या. सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं, तेथें कोण काय करणार.

पुढें कांहीं सालांनीं गोदूबाई पहिल्या बाळंतपणास माहेरीं आल्या, तों अन्न पोटांत ठरेना. भागूनें विचारिलें, काय खावेंसें वाटतें. तर म्हणाल्या, आईची आमटी. हें राजांच्या कानीं गेलें आणि पीळ सुटला. स्वतः जामदारखान्यांत गेले, मोहर फोडली आणि बरणी पोटाशीं धरून मुदपाकखान्यांत आणिली. भागूनें फडकें सोडलें आणि तिचे हात थांबले. मसाला फिका मातकट पडला होता, वासाचें नांव नव्हतें. राजांनीं नाक लाविलें, पुन्हा लाविलें. भागू हळूच म्हणाली, "महाराज, जुना मसाला नव्यांत पडला तरच जगतो." राजे म्हणाले, "घाल तसाच." मग आमटी जाहली, गोदूबाईंस वाढली आणि राजे समोर पाटावर बसले. पहिल्या घोटासच गोदूबाईंस कळलें. राजांनीं विचारिलें, "आईची चव लागते का ग?"

"लागते, आबासाहेब," ऐसें म्हणून त्यांनीं वाटी संपविली. मग राजांनीं आपल्या वाटींतील घोट घेतला आणि लेकीचें खोटें त्यांस समजलें. त्यांच्यानें पाटावरून उठवेना.

त्या फाल्गुनांत भागूनें नवा मसाला कुटला, आणि चाल मोडूं नये म्हणून गोदूबाईंनीं ती बरणी आपल्या हातानें उखळांत उपडी केली. मसाला उत्तम जाहला, मुलुखांत वाखाणला, परंतु पदराचा वास त्यास आला नाहीं. राजे त्याउपर बहुत वर्षें जगले, आणि आमटी वाढावयास आली कीं ताटावर हात आडवा धरीत.

येणेंप्रमाणें जी मूठ कैक पिढ्या उखळांतून उखळांत चालली, ती मायेनें कुलुपांत घातली म्हणून सरली. जें घडलें तें लिहिलें. याहून अधिक लिहवत नाहीं.