घडीसाहेब रजेवर

"नववा प्रश्न परत वाचा," घडीसाहेब म्हणाले.

अधीक्षकबाईंनी चष्मा सावरून अर्जात पाहिलं. "'उमेदवार कामावर नसल्यास संस्थेवर काय परिणाम होतो? अनुभवाच्या आधारे लिहा.'"

"हाहाकार. लिहा, हाहाकार होतो."

"अनुभवाच्या आधारे लिहायचंय. तुम्ही कधी रजा घेतलीत?"

घडीसाहेबांनी आठवून पाहिलं. स्वतःच्या लग्नाची घेतली होती, तीही अर्धीच.

ते रुग्णालयाच्या धुलाईघराचे पर्यवेक्षक. चादरीच्या चारही कडा जुळल्याशिवाय घडीला ते घडी म्हणत नसत, म्हणून हे नाव. निवृत्ती तोंडावर आली होती. राज्य पातळीवरचा उत्कृष्ट पर्यवेक्षक पुरस्कार मिळाला तर मुदतवाढीचा विचार होईल, असं व्यवस्थापनाने सांगितलं होतं. रिकामं घरी बसण्याची नुसती कल्पनाही त्यांना सहन होत नसे. त्यामुळे अर्ज दणदणीत व्हायलाच हवा होता.

"मग असं करा," बाई म्हणाल्या, "उद्यापासून आठवडाभर घरी बसा. काय काय बिघडतं ते मी टिपून ठेवते."

"आणि रुग्णांचे हाल होतील ते?"

"सोसतील हो थोडे."

दुसऱ्या दिवशी घडीसाहेब फोन मांडीवर घेऊन बसले. दुपारपर्यंत तो वाजला नाही, तेव्हा बिघडला असावा म्हणून त्यांनी बायकोच्या फोनवरून स्वतःला फोन लावला. तो वाजताच उचलून ओरडले, "बोला! काय बुडालं?"

"अहो, एवढी काळजी आहे तर तुम्हीच करा ना फोन तिकडे," बायको म्हणाली.

"मी केला तर पुरावा बाद होईल."

पुराव्याची वाट पाहता पाहता हात शिवशिवायला लागले. आधी टॉवेल झाले, मग पडदे. मग बायकोचं कपाट कापडाच्या जातीनुसार लागलं आणि तिला स्वतःचे कपडे त्यांना विचारून घ्यावे लागले. गाद्यांवरच्या चादरी त्यांनी अशा ताणून खोचल्या, की झोपताना बंद पाकिटात पत्र सरकवावं तसं आत शिरावं लागे. विज्ञान शिकणाऱ्या लेकीच्या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटाला त्यांनी एवढी खळ घातली, की तो हँगरशिवाय उभा राहिला.

"बाबा, यात हात जात नाहीये!"

"जाईल. रेटा लाव."

हात गेला, पण परत वाकेना. मुलगी दोन्ही हात पसरून परीक्षेला गेली. रिक्षावाल्याला वाटलं, ती त्याला अडवतेय.

"अजून किती दिवस आहे ही रजा?" बायकोने हळूच विचारलं.

अखेर घडीसाहेबांना राहवेना. हाहाकार निदान लांबून तरी पाहावा, म्हणून भेटीच्या वेळेला फुलांचा गुच्छ घेऊन ते रुग्णालयात शिरले. पुरुषांच्या वॉर्डात दारातच त्यांचे पाय थबकले. सगळ्या खाटांवर पांढऱ्याशुभ्र चादरी, कुठे सुरकुती नाही की डाग नाही. काहीतरी खोट असणारच! कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेची चादर त्यांनी उलटून पाहिली, हुंगून पाहिली, शिवण तपासायला कुशीवर आडवे होऊन पाहिलं.

"अहो काका, चपला काढून झोपा," मागून एक नवीन नर्स म्हणाली. "दुपारी दाखल होणार होतात ते तुम्हीच ना?" उत्तराची वाट न पाहता तिने त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. "अगंबाई! केवढा रक्तदाब हा! कशाने झालं?"

"चादरीमुळे," घडीसाहेब खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

"हो, हो. पडून राहा. बोलू नका."

तेवढ्यात चादरींची ट्रॉली ढकलत धुलाईघरातल्या मावशी आल्या. घडीसाहेबांनी पांघरूण डोळ्यांपर्यंत ओढलं. आता निसटणं अवघड होतं, पण साक्ष मिळवण्याची संधी सोन्यासारखी होती. आवाज बदलून ते म्हणाले, "बाई, तुमचे साहेब रजेवर आहेत म्हणे. फार अडत असेल?"

"अडतंय कसलं! गाडी सुसाट सुटलीय." मावशींनी पुढच्या खाटेची उशी थोपटली. "आधी काय, चादर वाळली की साहेबांसमोर. साहेब घडी मोडणार, परत घालणार, नाक लावणार, मग पुन्हा मोडणार. चादर बिचारी वापरण्याआधीच थकायची."

"पण माणूस शिस्तीचा असेल."

"माणूस लाख मोलाचा. नुसता बसून राहिला असता तर डोक्यावर घेऊन नाचलो असतो."

"सोमवारी येणार ना परत?"

"तेच तर! त्यांना ताप यावा असं आम्हाला वाटतं. मोठा नको हो, पाप लागेल. आपला हलकासा, लांबणारा."

"काका, आ करा," थर्मामीटर घेऊन आलेल्या नर्सने पांघरूण खाली खेचलं.

मावशींच्या हातातला चादरींचा गठ्ठा धप्पकन खाली पडला. त्यांना शब्द फुटेना. घडीसाहेबांच्या तोंडात थर्मामीटर असल्याने त्यांनाही फुटेना. ताप मात्र निघाला नाही.

सोमवारी अधीक्षकबाईंनी त्यांच्यासमोर हिशेब ठेवला. चादरी वेळेआधी, साबण कमी, तक्रार एकही नाही.

"नववा प्रश्न कोरा सोडा," घडीसाहेब म्हणाले. "अर्जच नको."

"वेडे आहात का? अर्जाचा सगळा जोर त्यातच आहे!" आणि बाईंनी झरझर लिहिलं, 'उमेदवाराने अशी व्यवस्था घडवली आहे, की ती त्यांच्याविनाही उत्तम चालते.'

पुरस्कार मिळाला. समितीने नवव्या उत्तराचा खास उल्लेख केला. टाळ्यांचा कडकडाट झाला, त्यात मावशींचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पाठोपाठ व्यवस्थापनाचं पत्र आलं. हार्दिक अभिनंदन. आपल्याविना काम उत्तम चालतं हे आपण सप्रमाण दाखवून दिल्याने मुदतवाढीची गरज उरलेली नाही.

घडीसाहेब मटकन खुर्चीत बसले. बायको पत्र दोनदा वाचून त्यांच्याआधीच मटकन बसलेली आहे, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते उठले, तर बायको आवरून दारात उभी.

"कुठे निघालीस एवढ्या सकाळी?"

"मुलाखतीला. धुलाईघरात पर्यवेक्षक हवाय."

"अगं, तुला कसला अनुभव?"

"तीस वर्षं तुमच्या हाताखाली काढली. अधीक्षकबाई म्हणाल्या, एवढा अनुभव दुसऱ्या कोणाकडेच नाही. मावशींनी शिफारससुद्धा केलीय."

"आणि घर?"

"घराला तुम्ही आहात ना." तिने त्यांच्या खांद्यावर हलकेच थोपटलं आणि दार ओढून घेतलं.

 तिची पावलं अजून जिन्यावर वाजत होती, तोच आतून मुलगी किंचाळली.

"बाबा! दूध उतू गेलं!"