ज्याचं शुल्क त्याची खुर्ची

विद्यापीठात बावीस हजार विद्यार्थी होते आणि बसून डबा खाण्यासाठी त्यांना एक जिना होता. तो ग्रंथालयाचा. देवाने प्रत्येकाला पोट दिलं, पण ते भरताना टेकायला जागा द्यायचं काम विद्यापीठाकडे सोपवलं, आणि विद्यापीठाने ते बांधकाम विभागाकडे.

भाऊसाहेब या विभागात मुख्य लिपिक होते. एकतीस वर्षांपूर्वी ते इथेच शिकत असताना 'विद्यार्थी भवन बांधकाम शुल्क' सुरू झालं. रांगेत पहिला नंबर लावून त्यांनी ते भरलं. पावती अजून पाकिटात होती, घड्यांवर चिकटपट्टी लावून जपलेली. आता त्यांची मुलगी शेवटच्या वर्षाला होती आणि त्याच जिन्याच्या सातव्या पायरीवर डबा खात होती. सातव्याच, कारण सहावीवर छत गळायचं आणि आठवीवर बसलं की दार पाठीत बसायचं.

"बाबा, तुमच्या भवनात मी बसणार की माझी नातवंडं?" ती विचारायची.

"तूच बसणार," भाऊसाहेब म्हणायचे. "तुझ्या परीक्षेआधी खुर्चीवर बसून डबा खाल्ला नाहीस, तर बाप म्हणू नकोस."

"बाप तर म्हणेनच हो. भाऊसाहेब म्हणणार नाही."

हे त्यांना लागायचं. कामात कसूर केल्याचं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

आणि कसूर कोणाचीच नव्हती. भवन बांधायचं म्हणजे नियोजन कक्ष हवा, कक्षाला खोली हवी, आणि रिकामी होण्याजोगी एकच खोली होती. तिच्यात विद्यार्थी बसत. त्यांना 'तात्पुरतं' बाहेर काढून नियोजन सुरू झालं. शुल्क गोळा करायला शुल्क विभाग निघाला. जमा झालेल्या शुल्कातून त्या विभागाचे पगार होत, आणि पगार पुरेनात म्हणून दर दोन वर्षांनी शुल्क वाढे. चक्र कसं नीट फिरत होतं, एकही आरा ढिला नाही.

भवनाच्या समितीवर विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी असावा, तो नियमित विद्यार्थी असावा आणि काम संपेपर्यंत बदलू नये, असा नियम होता. त्यामुळे प्रतिनिधी गेली एकोणीस वर्षं पहिल्या वर्षाला होता. सगळे त्याला 'चिरंजीव' म्हणत. चिरंजीवाला आता चाळिशीचा चष्मा लागला होता.

"लोकांना वाटतं नापास होणं सोपं असतं," तो भाऊसाहेबांना सांगे. "एकदा चुकून पास झालो होतो. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला, तेव्हा कुठे अब्रू वाचली."

पाच वर्षांपूर्वी अखेर कर्ज काढून बांधकाम सुरू झालं. कर्ज देणाऱ्यांच्या सूचनेवरून बांधकाम शुल्क बंद करून 'कर्जफेड शुल्क' लावण्यात आलं. रक्कम तिप्पट, मुदत पुढची चाळीस वर्षं. म्हणजे अजून जन्माला न आलेल्या मुलांनीही या पवित्र कार्याला हातभार लावला. नाव बदलल्याची फाईल भाऊसाहेबांच्याच टेबलावरून गेली.

भिंती उभ्या राहिल्या तशी कुलगुरूंची दृष्टी त्यांच्यावर पडली. वरच्या मजल्यावर पाहुण्यांची सोय करावी, खालच्या मजल्यावर पाहुण्यांच्या ड्रायव्हरांची, असं त्यांनी सुचवलं. त्या रात्री जेवण बाजूला सारून भाऊसाहेबांनी आयुष्यातली सर्वांत धारदार टिप्पणी लिहिली: 'सदर भवनात केवळ बांधकाम शुल्क भरलेल्या व त्याचा पुरावा सादर करणाऱ्या व्यक्तींनाच प्रवेश असावा.' कोणाला उघड विरोध करता येईना. टिप्पणी एकमताने मंजूर झाली. कुलगुरूंनी टाळ्या वाजवल्या, पण हाताला हात न लावता.

"पाहुण्यांचा पत्ता कट!" भाऊसाहेब घरी येऊन म्हणाले. मुलीने पहिल्यांदा बापाकडे कौतुकाने पाहिलं. त्या नजरेवर ते दोन वर्षं जगले.

परीक्षेच्या पंधरा दिवस आधी भवन उघडलं. तीनशे गुबगुबीत खुर्च्या, गार पाण्याचे नळ, जिन्याकडे तोंड करून मोठी काचेची खिडकी. भाऊसाहेब मुलीला घेऊन दारात आले. तिच्या हातात डबा होता.

"पावती?" पहारेकरी म्हणाला.

मुलीने तीन वर्षांच्या पावत्या काढल्या.

"ताई, या कर्जफेड शुल्काच्या. बांधकाम शुल्काची दाखवा."

"ते मी शाळेत असतानाच बंद झालं!"

"मग तुम्ही शाळेत बसा," पहारेकरी म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला कागद दिला होता, आणि तो कागद वाचत होता.

भाऊसाहेब धावत कुलसचिवांकडे गेले. कुलसचिवांनी टिप्पणी काढली आणि प्रेमाने त्यांच्यापुढे सरकवली. "अक्षर ओळखता ना? सुंदर आहे. मोत्यासारखं."

"साहेब, दुरुस्ती करू या. एका ओळीचं काम आहे."

"अवश्य. दुरुस्तीला विद्यार्थी परिषदेची मंजुरी लागते."

"मग बैठक बोलवा!"

"सकाळीच बोलावली होती. परिषदेची बैठक विद्यार्थी भवनातच घ्यावी असा नियम आहे. बाकीच्या सभासदांकडे पावत्या नव्हत्या. एकटे चिरंजीव आत गेले. गणपूर्ती झाली नाही." कुलसचिवांनी चहाचा घोट घेतला. "तुमची मात्र पावती असेल?"

भाऊसाहेब परत आले तेव्हा मुलगी सातव्या पायरीवर बसली होती. तिने भांडण केलं नाही. तेच वाईट झालं. "अहो बाबा, जाऊ द्या," ती म्हणाली, आणि सरकून शेजारी जागा केली. "या, दोन घास खा."

"आलोच. आत जाऊन तक्रार नोंदवतो," भाऊसाहेब म्हणाले.

आत भवन भरलं होतं. बांधकाम शुल्काच्या काळातले जुने शुल्कदाते आले होते, कोणी टक्कल पुसत, कोणी गुडघे चोळत. तक्रारवही चिरंजीवाकडे होती आणि चिरंजीव झोपला होता. त्याच्या जागं होण्याची वाट बघत भाऊसाहेब खुर्चीवर टेकले. एकतीस वर्षांचा शिणलेला पाठीचा कणा आधी बिचकला, मग हळूच मागे रेलला. वर पंखा होता. त्याचं वारं थेट मानेवर येत होतं.

खिडकीतून जिना दिसत होता. मुलगी दाराकडे बघत होती. डबा तिने अजून उघडला नव्हता.

पाचच मिनिटं, भाऊसाहेबांनी ठरवलं.

"हल्लीच्या पोरांना जिन्यावरच बसायची खोड," शेजारचे टकले शुल्कदाते म्हणाले. "अहो, तुम्ही जवळ आहात. जरा पडदा ओढता का? डोळ्यांवर ऊन येतंय."

ऊन येत होतं खरं. भाऊसाहेबांनी हात लांबवला आणि पडदा ओढला.

आता तुम्ही त्यांना नावं ठेवाल. खुशाल ठेवा, बाबांनो, त्यांनीही ती निमूट ऐकून घेतली असती. फक्त ठेवण्याआधी एकदा आपल्याच खाली बघून घ्या, पायरी आहे की खुर्ची. आणि खुर्ची असेल, तर ती सोडून उठा, आणि मग ठेवा.