सासऱ्यांना मॅच दाखवायची होती

शनिवारी संध्याकाळी जावयाने टीव्ही लावला आणि सासऱ्यांचा संघ नेहमीप्रमाणे हरला. सासरे काही बोलले नाहीत. सासूबाई गेल्यापासून ते कशावरच काही बोलत नसत. भाजी खारट झाली तरी नाही, न्हाणीघरातला नळ आठवडाभर गळत राहिला तरी नाही. मॅच संपली की खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून उठायचे, "चला" म्हणायचे आणि आपल्या खोलीत जायचे. कुठे चला, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

सासूबाई शिलाईच्या कारखान्यात होत्या. कधीतरी तिथे परदेशातल्या एका फुटबॉल संघाचे निळ्या पट्ट्यांचे शर्ट शिवायला आले. "माझे शर्ट घालून हरतात म्हणजे काय!" असं म्हणत बाईंनी त्या संघाचा जो पिच्छा पुरवला, तो शेवटपर्यंत. मॅचच्या वेळी सासरे शेजारी बसलेले असायचे. त्या गेल्यावर सोफ्यावरची ती जागा रिकामी दिसू नये म्हणून जावई तिथे बसू लागला. फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. एवढी माणसं एकमेकांवर आदळताना बघून त्याला एकच वाटायचं, की तिकडे कुणाचा तरी धंदा जोरात चालत असणार.

"बाबांना एकदा तिकडे नेऊन खरीखुरी मॅच दाखवायची," एके दिवशी बायको म्हणाली. "शनिवार-रविवारला जोडून दोन दिवस घेतले की जाऊन येता येतं."

"कोण नेणार?"

"तू. मला रजा मिळायची नाही. वॉर्डातल्या अर्ध्या नर्सा आजारी आहेत."

"अगं, पण मला त्यातलं..."

"दर शनिवारी तर डोळे फाडून बघतोस!"

डोळे तो झोप आवरायला फाडायचा. पण हे सांगायची ती वेळ नव्हती. बायकोने लगेच सासऱ्यांना विचारलं. सासरे बराच वेळ चपलांकडे बघत राहिले.

"बघा," ते म्हणाले, "जावईबापूंना जमत असेल तर."

स्वयंपाकघरात येऊन बायकोने पदराला डोळे पुसले. "ऐकलंस? किती दिवसांनी एवढं लांब वाक्य बोलले!"

झालं. त्या वाक्यावर सगळी मोहीम उभी राहिली.

आधी पासपोर्ट. फोटोत हसायचं नाही असा नियम होता. सासऱ्यांचा फोटो पहिल्या फटक्यात निघाला. "असा चेहरा सगळ्यांना नाही जमत," फोटोवाला कौतुकाने म्हणाला. जावयाला मात्र कॅमेरा दिसला की दात दाखवायची सवय, धंद्याचा परिणाम. त्याला पुन्हा पुन्हा बसवावं लागलं. शेवटी सासरे हळूच म्हणाले, "माझ्याकडे बघा," आणि मग तोही फोटो निघाला.

मग जावयाला वाटलं, तिथे गेल्यावर कुणी काही विचारलं तर निदान कोण कुठे उभं राहतं एवढं तरी यावं. लॅबमध्ये कामाच्या टेबलावर त्याने मेणाच्या पट्टीत दात रोवून संघ मांडला. मागे बचावाला दाढा, मध्ये उपदाढा, पुढे आघाडीला सुळे. एक दाढ जरा रुंद होती, तिला गोलकीपर केलं. मांडामांड छान जमली. फक्त आवरताना गडबड झाली आणि एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या कवळीत आघाडीचा एक खेळाडू जाऊन बसला.

"बाई आपल्या नातवाकडे बघून हसल्या," लॅबचे मालक दारात उभे राहून म्हणाले. "पोरगं अजून पलंगाखालून बाहेर आलेलं नाही."

"काय झालं, साहेब?"

"एकाशेजारी एक दोन सुळे बसवलेत तुम्ही! माणसाची कवळी आहे ती, लांडग्याची नाही. ती नवी करून दिल्याशिवाय रजा विसरा."

कवळी झाली, बाईंची माफी मागून झाली, रजा मिळाली, व्हिसाही आला. तोवर तिकिटं संपली. उरली होती ती समोरच्या संघाच्या पाठीराख्यांमधली. तिथे बसायचं तर निळे पट्टे घालायचे नाहीत, घोषणा द्यायच्या नाहीत, आपल्या संघाने गोल मारला तरी आनंद चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही. नाहीतर म्हणे लोक अंगावर येतात.

"बाबांना ते जमेल," बायको म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून उगाच ओटा पुसत राहिली.

तिकिटं घेतली आणि टीव्हीवाल्यांच्या सोयीसाठी मॅच शनिवारची उचलून रविवारवर टाकली. मग विमान बदललं, रजा वाढवून घेतली, मालकांचं तोंड आणखी वाकडं झालं. आधीच्या हॉटेलात रविवारची खोली नव्हती. दुसरं मिळालं, त्याच्या जाहिरातीत "अत्यंत शांत परिसर" असं म्हटलं होतं. जावयाने नकाशा उघडून बघितला. हॉटेलच्या मागे स्मशानभूमी होती.

"खोली पुढच्या बाजूची माग," बायकोने बजावलं. "बाबांना सांगू नकोस."

निघायच्या दिवशी सकाळी विमानतळावर पोचले, तर काचेबाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं. उभी असलेली विमानंसुद्धा दिसत नव्हती. पाटीवर त्यांच्या विमानापुढे 'विलंब' असा शब्द आला आणि तिथेच बसला. सासरे मांडीवर बॅग घेऊन, दवाखान्यात नंबर लावून बसतात तसे बसले होते. जावयाच्या मनात एक चोरटी आशा उगवली.

"बाबा, बहुतेक रद्दच होणार."

"होईल का?" सासऱ्यांनी एकदम मान वर केली. "खरंच?"

त्या 'खरंच'चा सूर जावयाला जरा वेगळा वाटला. "तुम्हाला फार वाईट वाटेल ना?"

सासरे बॅगेची चेन मागेपुढे करत राहिले. "रागावणार नसाल तर एक सांगू? तुम्हाला फुटबॉलचं एवढं वेड, म्हणून आजवर बोललो नाही."

"मला?"

"दर शनिवारी न चुकता लावता ना. मी म्हटलं, दिवसभर लोकांचे दात घासून येतो माणूस, त्याची तेवढीच हौस. आपण मध्येच उठून गेलो तर बरं दिसत नाही." सासऱ्यांनी चेन बंद केली. "मला नाही आवडत तो खेळ. कधीच नाही आवडला. तुमच्या सासूबाई मॅच बघायच्या. मी त्यांच्याकडे बघायचो."

जावई खुर्चीत त्यांच्याकडे वळून बसला.

"काय तो त्रागा, काय ते हातवारे! एकदा वाटीच फेकली होती टीव्हीवर," सासरे म्हणाले. "आता समोर बघत बसावं लागतं."

"बाबा," जावई खोल आवाजात म्हणाला, "मलाही नाही आवडत. मी तुमच्यासाठी लावायचो."

सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी बॅगेवर डोकं टेकलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. जावई घाबरला. पाणी आणायला उठणार, इतक्यात कळलं की म्हातारा हसतोय. आवाज न करता, पण पोट धरून.

"म्हणजे इतके शनिवार... आपण दोघं..."

"हो."

"अहो, मग बातम्या लावल्या असत्या तरी चाललं असतं!"

दोघांनी जाऊन चहा घेतला. विमान रद्द झालं की सरळ घरी जायचं, बायकोला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही, तोंडं मात्र नीट पाडून ठेवायची, असं ठरलं. सासऱ्यांनी दुसरा चहा मागवला. बऱ्याच दिवसांनी त्यांना कशाची तरी चव लागत होती. तेवढ्यात काचेपलीकडे एक विमान दिसू लागलं, मग दुसरं. पाटीवरचा शब्द बदलला आणि ध्वनिक्षेपकावरच्या बाईने गोड आवाजात त्यांचं विमान पुकारलं.

कप खाली ठेवून सासरे म्हणाले, "मी आणखी थोडा वेळ गप्प बसायला हवं होतं."

"नाही गेलो तर?"

"आणि घरी काय सांगणार? विमान उडालं, आम्ही राहिलो?"

खाटकामागून शेळ्या जाव्यात तसे दोघं रांगेत जाऊन उभे राहिले.

मैदानावर बारीक पाऊस पडत होता. थंडी अशी, की प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवेना आणि उभंही राहवेना. चारी बाजूंना परके लोक परक्या भाषेत गात होते. सासऱ्यांच्या शेजारी एक दाढीवाला होता, जावयाच्या दुप्पट. सासरे कोटाच्या खिशात हात घालून, मान आत ओढून बसले. खाली मैदानावर चेंडू इकडून तिकडे जात होता आणि तिकडून इकडे येत होता. बराच वेळ काहीही घडलं नाही. निदान टीव्हीवर मध्ये जाहिराती तरी असतात, असं जावयाला वाटलं.

मध्यंतरानंतर तो कॉफी आणायला गेला. रांग हलेना. शेवटी दोन्ही कप एका हातात कसेबसे धरून तो पायऱ्या चढू लागला, तोच फोन वाजला. बायकोचा होता. वॉर्डातून चोरून बोलत होती.

"कसं चाललंय?"

"शून्य-शून्य. पाऊस आहे."

"आणि बाबा? गप्पच?"

जावयाने वर बघितलं. आसपासचे लोक उभे राहिले होते, पण मैदानाकडे न बघता एकाच दिशेला बघत होते.

"बाबा भांडताहेत," तो म्हणाला.

"काय?"

"शेजारच्या माणसाशी. प्रचंड आहे तो."

"कशावरून?"

जावयाने कान दिला. "पेनल्टी दिली नाही म्हणून. चेंडू हाताला लागला होता म्हणताहेत. तो त्याच्या भाषेत ओरडतोय, हे आपल्या."

"अरे, मग थांबव ना त्यांना! मारेल तो!"

जावई दोन पायऱ्या वर चढला आणि आता सासऱ्यांचा आवाज फोनमध्येही गेला. "डोळे आहेत की बटणं? कोपर म्हणजे हात नव्हे होय? ही असती ना, तर तुम्हाला बसू दिलं नसतं इथे!" ते स्वतःच्या कोपरावर चापट्या मारत होते. टोपी मागे घसरली होती, तोंड लाल झालं होतं. दाढीवालाही आपल्या कोपरावर चापट्या मारून काहीतरी उलटच सांगत होता.

फोनमध्ये वॉर्डातल्या ट्रॉलीचा खडखडाट ऐकू आला.

"अगं, ऐकतेस ना? थांबवतो मी त्यांना. थांब, कॉफी कुठेतरी ठेवतो."

"नको," बायको म्हणाली. तिचा आवाज नीट येत नव्हता. "तू फक्त थोडा जवळ जा, आणि फोन तसाच धर."