दोन गोल डाग

सासूबाईंच्या, म्हणजे नर्मदाबाईंच्या, छातीच्या फोटोत दोन डाग निघाले, हा फोन योगिताला आला तेव्हा तिचा भाग्येश आजीच्याच मांडीवर बसून आजीच्याच ताटलीतली खिचडी खात होता. योगिताने फोन ठेवला नाही, टाकला. आणि पोराला असं उचललं की घास त्याच्या तोंडातच राहिला.

"काय व्हयनं वं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. तुम्ही जरा ओसरीत बसता का?"

त्याच आठवड्यात नंदुरबारच्या त्यांच्या गल्लीत क्षयरोगाच्या तपासणीचं शिबिर झालं होतं. समाजमंदिरात एक्स-रेचं मशीन मांडलेलं, आणि सुसाना सिस्टर दारोदार फिरून माणसं गोळा करत होत्या. सासू-सासऱ्यांना मागे लागून योगितानेच नेलं होतं.

ती बी.एस्सी. झालेली. दुपारभर मोबाइलवर क्षयाविषयी वाचत बसली आणि जितकं वाचलं तितकी घाबरत गेली. नर्मदाबाईंचं ताट वेगळं झालं, तांब्या वेगळा झाला, तोंडाला मास्क आला. भाग्येशला आजीच्या मांडीशिवाय झोप येत नसे. तो उंबऱ्यातून आजीकडे हात पसरून रडायला लागला.

"मी काय वाघीन शे का?" नर्मदाबाई मास्कच्या आतून म्हणाल्या. "पोऱ्याले खाई टाकसू?"

सुसाना सिस्टरने बेडक्यासाठी डबी आणून दिली. "सकाळी उठल्यावर खोल खोकायचं, आजी. आतला बेडका पाहिजे, तोंडातली थुंकी नको."

अडचण एवढीच, की नर्मदाबाईंना खोकला नव्हता. नवऱ्याला, नथ्थूआबांना, बायकोला काही शिकवायची संधी बऱ्याच वर्षांनी मिळाली. "पोटमाईन खोकल, पोटमाईन," म्हणत त्यांनी आपला विडीचा खोकला नमुन्याला काढून दाखवला. नर्मदाबाईंनी तसाच काढायचा प्रयत्न केला. डबीत आली ती लाळच. मग दोघांनी मिळून पुन्हा सुरुवात केली.

हा आवाज भिंतीपलीकडे गेलाच. शेजारच्या सुषमावहिनी गच्चीतून म्हणाल्या, "मावशीले भलताच खोकला शे वं." दूधवाला दूध फाटकाशीच ठेवून गेला. संध्याकाळी खुद्द सुषमावहिनींनाच फोन आला. दोन डाग. मग गल्लीतल्या आणखी दोघींना. त्यांनाही दोनच.

"तुन्हा सासूनी दिधं हाई आम्हले," सुषमावहिनी दारात येऊन म्हणाल्या. "तुन्हा पोऱ्याना बारसाले सगळास्ना तोंडमा लाडू तिनीच कोंबा ना?"

आता पोरालाही लागण झाली असेल, हे योगिताच्या मनात पक्कं बसलं. तिने त्याचं कपाळ इतक्यांदा चाचपलं की पोरगं चिडून तिलाच चावलं.

दुसऱ्या दिवशी सगळी वरात सरकारी दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी चारही फोटो शेजारी शेजारी लावले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"डाग चौघींनाही एकाच जागी. तेही परकाराने काढल्यासारखे गोल. पुरुषांत कुणाला नाही?"

"कुणालाच नाही," योगिता म्हणाली.

"आजी, फोटो काढताना गळ्यात काही होतं?"

"काहीच नव्हतं. सिस्टरनी सांगं व्हतं ना, गळामा धातू नको. म्हनीसन मी मंगळपोत पाठवर टाकी दिन्ही, पदरखाले."

"काढली नाही?"

"धनी समोर बठेल व्हतात. काढू कशी?"

"आम्हीबी तसंच करं," सुषमावहिनी हळूच म्हणाल्या. "मावशीनं दखीसन."

डॉक्टरांनी फोटोवर बोट ठेवलं. "हे किरण पाठीतून आरपार जातात, आजी. हे डाग नाहीत. या तुमच्या पोतीतल्या वाट्या आहेत."

योगिता बाकावर बसली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

फोटो पुन्हा काढायचा ठरला. नर्मदाबाई अडल्या त्या तिथेच. पोत टेबलावर ठेवायची नाही, पिशवीत घालायची नाही. शेवटी त्यांनीच तोड काढली. "मंग तुम्ही घाला गळामा," त्या नथ्थूआबांना म्हणाल्या. "घरनी वस्तू घरमाच ऱ्हास."

टोपी, धोतर आणि मंगळपोत अशा अवतारात आबा एक्स-रेच्या दाराशी उभे राहिले. "लवकर कर वं. लोके दखी ऱ्हायनात." सुषमावहिनी नवऱ्याला फोन लावत बाहेर गेल्या. "आठे या दवाखानामा. काय काम शे ते आल्यावर सांगसू."

नर्मदाबाईंचा फोटो आरशासारखा स्वच्छ निघाला. मास्क उतरवून त्यांनी हात पुढे केले आणि योगिताने पोराला त्यांच्या कडेवर दिलं.

"तुन्हा फोटो काढा का त्या दिनले?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"मी... याला घेऊन बाहेर उभी होते ना, आई."

"मंग जा, नंबर लाव. तुन्हा निंघे तोपर्यंत पोऱ्या मन्हाजोडे ऱ्हाई."

दोन दिवसांत पहिल्यांदाच योगिताचे दोन्ही हात मोकळे होते. ती निमूट नंबर लावून आली, बाकावर टेकली आणि भिंतीला डोकं लागताच तिचा डोळा लागला.

एक्स-रेवाल्याने तिचं नाव पुकारलं, तेव्हा नर्मदाबाईंनी त्याला बोटाने गप्प केलं.

"हळू रे भाऊ. पुढला नंबर घे. मन्ही सून झोपेल शे."