पडद्यावरचा चंद्र

“स्लॅब हालत नसतो,” चंद्रप्रभाबाई जिन्यातून म्हणाल्या. “तुम्हीच उभं राहून टाकून घेतलाय.”

“पावलांनी हालतो. फोटो बिघडतो. थांबा तिथंच,” अंबादास मास्तरांनी कॅमेऱ्यावरून मान न उचलता बजावलं.

श्रावणातली संकष्टी होती आणि नवराबायको दोघांनाही उपास होता. समोरच्या लॉजवर मजले चढल्यापासून त्यांच्या आळीत चंद्र फक्त गच्चीतून दिसे. म्हणून शेजारच्या नागूबाईही अर्घ्याचा तांब्या घेऊन जिन्यातच खोळंबल्या होत्या. खाली मोदक निवत होते.

लेकीनं कॅमेरा दिल्यापासून मास्तर चंद्राच्या मागं लागले होते, पण दरवेळी चंद्राच्या जागी पांढरी भाकरी उमटे. परवा लेक फोनवर “बाबा, राहू द्या आता,” म्हणाली, ते त्यांच्या मनाला लागलं होतं. आज सोबतचं पुस्तक वाचून त्यांनी उजेड कमी करायची कळ शोधली होती.

ढग सरला. मास्तरांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोळे रोवून बटण दाबलं. एक फोटो हलला, दुसरा काळा आला. तिसऱ्यात मात्र चंद्रावरचे खड्डेसुद्धा मोजून घ्यावेत असे दिसले. त्यांनी दोघींना वर बोलावलं. त्या वर येईपर्यंत ढगानं चंद्र गिळला होता.

सकाळपासून आपल्या पोटात काय गेलं आणि काय गेलं नाही, याचा चंद्रप्रभाबाईंनी पाढा वाचला. मास्तरांनी ओशाळून पडदा पुढं केला. “हा घे. आत्ताचाच आहे, ताजा.”

“ह्याला बघून उपास सोडू? मग कॅलेंडरवरचा काय वाईट होता?”

“फोटूवर कुठं उपास सुटतो, मास्तर?” नागूबाईंनी निकाल दिला.

आपण तरी चंद्र पाहिलाय, आपण जेवायला हरकत नसावी, असं मास्तर चाचरत म्हणाले.

“कुठं पाहिलात? मान तरी वर केलीत का?”

मास्तरांनी आठवून पाहिलं. खरंच केली नव्हती.

एवढ्यात ढगाला फट पडली. दोघींनी हात जोडून पाणी सोडलं. सवयीनं मास्तर कॅमेऱ्यावर वाकले आणि त्यांनी मान वर केली तोवर फट मिटली होती. चंद्रप्रभाबाई खाली ताटं घ्यायला गेल्या. नागूबाई मात्र जिन्यातून परत आल्या.

“मास्तर, त्यो फोटू मोबाइलात काढून द्या की. तिकडं गावाकडं माकणीत पाऊस लागलाय. माझी भैन उपाशी बसलीय.”

“फोटो चालत नाही म्हणालात ना मघाशी?”

“तुमाला न्हाय चालत. तुमी गच्चीवर हाव. तिला बिचारीला कुठं दिसतोय?”

यातली चूक मास्तरांना सापडेना, त्यामुळं ते जास्तच संतापले. तरी त्यांनी नागूबाईंच्या मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून दिला. थोड्याच वेळात उत्तर आलं. भैन जेवायला बसली होती, चंद्र तिला लई आवडला होता आणि मास्तरांना तिनं नमस्कार सांगितला होता.

नागूबाई समाधानानं घरी गेल्या. खालून मोदकावर तूप वाढल्याचा वास आला.

“अहो, दिसला का?” चंद्रप्रभाबाईंनी विचारलं.

“दिसला,” काळ्या ढगाकडं बघत मास्तर म्हणाले. “माकणीत.”