चौथं टर्मिनल

पेडणेकरच्या डोक्यावर केस नव्हते आणि बॅगेत केस वाळवायचा ड्रायर असायचा. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीत नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी त्याच्या डोक्याकडे बघायचा, मग ड्रायरकडे, आणि मग संकोचून चहाला जायचा. पेडणेकर मात्र कॉम्प्युटरचं झाकण उघडून प्रोसेसरच्या बोर्डावर गरम वारा सोडत बसलेला असायचा. "ताप आणतोय," तो म्हणायचा. "ताप आल्याशिवाय औषध लागू पडतं का, ते कळणार कसं?"

तो गेला त्याला आता दोन महिने होतील. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून आमच्या यंत्रांची मॅन्युअलं लिहायचे. म्हणून हेही मीच लिहावं असं वाटलं. सावकाश लिहिते आहे. घाईने लिहिलेलं त्याला चालत नसे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही एक कॉम्प्युटर बनवत होतो. त्याला चार टर्मिनलं, म्हणजे पडदा आणि कळफलकाच्या चार जोड्या; चार माणसं एकाच वेळी काम करणार. या चौघांना सांभाळणारा जो मूळ प्रोग्राम, त्याला कर्नल म्हणतात. मुलुंडला, जिथे तो एकटाच राहायचा त्या बिल्डिंगमध्ये, पेडणेकरने एकदा "मी कर्नलचं काम बघतो" असं सांगितलं, तेव्हापासून वॉचमन त्याला सलाम ठोकू लागला. "मी काय खुलासा केला नाय," तो म्हणाला. "पाणी वेळेवर सोडतो आता."

प्रोसेसर म्हणजे शेवटी यंत्रच. तापलं, सांधा सैल झाला, की तेही चुकतं, आणि चुकलं की स्वतःच बोंब मारतं. ती ऐकून पुढे काय करायचं, हे कर्नलने ठरवायचं. आमचे कर्णिकसाहेब म्हणत, सगळं थांबवा. पेडणेकरचं म्हणणं वेगळं होतं. चूक कर्नलच्याच कामात झाली तर थांबावंच लागेल. पण चौघांपैकी एकाच्या कामात झाली, तर तेवढ्यालाच बंद करावं.

"पेडणेकर, सगळ्या कंपन्या मशीनच थांबवतात."

"एका खोलीत ढेकूण झाले म्हणून अख्खी चाळ रिकामी करतात काय साहेब?"

"ही चाळ नाही."

"चार बिऱ्हाडं आहेत. चाळच."

शेवटी साहेबांनी अट घातली. घाटकोपरच्या एका रक्तपेढीत यंत्र महिनाभर चाचणीला जाणार होतं. तिथून एक जरी लेखी तक्रार आली, तर पेडणेकरने लिहिलेलं सगळं काढून टाकायचं. त्याचं वर्षभराचं काम होतं ते. तो "बरं" म्हणाला आणि ड्रायर चालू केला.

तिसऱ्या आठवड्यात रक्तपेढीच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "तुमच्याकडे वैच थांब नावाचे कोण साहेब आहेत? त्यांचं नाव पडद्यावर आलंय."

मी पेडणेकरकडे बघितलं. कर्नल चूक तपासत असताना दिसावा म्हणून त्याने स्वतःपुरता मालवणीत लिहिलेला 'वाईच थांब', म्हणजे जरा थांब, हा निरोप इंग्रजी अक्षरांत तसाच राहून गेला होता.

"टर्मिनलं किती चालू आहेत, विचार," तो म्हणाला.

तीन. कर्णिकसाहेब केबिनमधून बाहेर आले. "चारातली तीन वाचली. जिंकलास रे."

"चौथ्यावर कोण होतं?" पेडणेकरने विचारलं.

ते कोणालाच माहीत नव्हतं. तो उठून निघाला. मीही मागोमाग गेले.

चौथ्यावर शैला कांबळे होती. गोवंडीहून यायची, नोकरी हंगामी. सकाळपासून रक्तदात्यांचे कागदी अर्ज कॉम्प्युटरमध्ये भरत होती, आणि आमच्या कर्नलने तिलाच बंद केल्यामुळे सगळे पुसले गेले होते. बाकी तिघींचं काम चालू, म्हणजे हिनेच काहीतरी भलतं दाबलं, असं व्यवस्थापकांनी ठरवलं होतं. उद्यापासून येऊ नकोस, हेही सांगून झालं होतं. ती डबा पिशवीत ठेवत होती.

"तुमचं मशीन उत्तम आहे हो," व्यवस्थापक म्हणाले. "मुलगीच कच्ची."

हे ऐकून पेडणेकर गप्प राहिला असता, तर त्याचं वर्ष वाचलं असतं.

"मशीन चुकलं," तो म्हणाला. "आणि मी लिहून ठेवलंय म्हणून हिला बंद केलं. हिने काही केलेलं नाही. तक्रार लिहा."

"अहो, तक्रार कशाला?"

"लिहा. सही होईपर्यंत मी हलत नाय. आणि हिला उद्या बोलवा."

व्यवस्थापकांनी लिहिली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी अट पाळली. पेडणेकरने आपल्या हाताने सगळं काढलं आणि त्याच दुपारी कोऱ्या कागदावर पुन्हा सुरुवात केली: एखाद्याला बंद करण्याआधी त्याचं तोवरचं काम जपून ठेवायचं. त्याला आणखी आठ महिने लागले. पुढच्या यंत्रात ते गेलं.

पण हे नंतरचं. त्या दिवशी त्याने स्टूल ओढून घेतलं आणि अर्ज वाचायला लागला. तो नाव, पत्ता, रक्तगट सांगायचा, शैला टाइप करायची. बाकीच्या तिघी घरी गेल्या. बाहेर दिवे लागले.

"दादा, तुम्ही निघा आता," शैला म्हणाली. "घरी वाट बघत असतील ना."

"कोण?" पेडणेकर म्हणाला.

तिला वाटलं, तो पुढच्या अर्जाचं विचारतोय. तिने गठ्ठ्यावरचा अर्ज उचलून त्याच्या हातात दिला. त्याने तो दिव्याकडे धरला.

"अरविंद शंकर मोरे," त्याने वाचलं. "कांदिवली. ओ पॉझिटिव्ह. लिही गो."